नाव रिकामं होतं

पवनकुमार कॅमेऱ्यासमोर राष्ट्रगीताला उभं राहावं तसा उभा राहिला. टाचा जुळलेल्या, हात मांड्यांना चिकटलेले, हनुवटी वर. समोरच्या मोठ्या पडद्यावर एक बाजार मांडला होता: भाजीच्या गाड्या, दोरीवरचे कपडे, चहावाल्याची ताडपत्री. त्या सगळ्या बाजारात पान हलत नव्हतं.

"हल ना रे," मनस्विनी म्हणाली.

"कसं हलू, अक्का?"

"तुला हवं तसं. काही नियम नाही."

पवनकुमारने गंभीरपणे विचार केला. मग त्याने उजवा हात सरळ वर नेला, खाली आणला. डावा वर नेला, खाली आणला. शाळेतली कवायत तो विसरला नव्हता. पडद्यावर कांद्याचं एक साल जागच्या जागी उडालं आणि पुन्हा बसलं.

"सरी का?" ठीक आहे ना, असं त्याने कानडीत विचारलं.

"सरी," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार? ऑफिसातले पाण्याचे कॅन आणि विजेची बिलं बघणारा भला माणूस. त्याला गेम खेळून बघायला तिनेच ओढून आणलं होतं.

जयनगरातल्या त्या लहानशा कंपनीच्या व्हिडिओ गेममध्ये खेळणारा माणूस म्हणजे वारा. शेवरीची एक म्हातारी, म्हणजे ते पांढऱ्या मऊ तंतूंचं बी, शहरभर उडवत न्यायची आणि ओली माती दिसेल तिथे उतरवायची, एवढाच खेळ. तो तीन तऱ्हांनी खेळता येई. बटणं दाबून, रिमोट इकडेतिकडे कलवून, आणि तिसरी तऱ्हा मनस्विनीची. तिच्यात हातात काही धरायचंच नव्हतं. कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं आणि अंग हलवायचं, ज्याला जसं सुचेल तसं. अमुक केलं की तमुक होतं, असं काही ठरलेलं नाही. गेम माणसाकडे बघून शिकतो आणि प्रत्येकाचा वारा वेगळा वाहतो. गेली दोन वर्षं ती या एका गोष्टीच्या हात धुऊन मागे लागली होती. सगळं जमलं होतं. घोडं पेंड खात होतं ते नावापाशी.

पहिल्या पडद्यावर तीन ओळी येत. 'बटणं', 'रिमोट' आणि तिसरी? 'फ्री मोशन' लिहिलं, तर माणसं पवनकुमारसारखी खांब झाली. 'डान्स' लिहिलं, तर निम्म्यांनी "आपल्याला येत नाही बुवा" म्हणून मुकाट्याने बटणं निवडली. 'बॉडी' म्हटल्यावर पुरुषांनी पोट आत घेतलं आणि मुलींनी ओढण्या सारख्या केल्या. 'फिटनेस' हे नाव वाचून एका गृहस्थांनी घड्याळ काढून ठेवलं, दंडबैठका मारल्या आणि किती वजन उतरलं ते कुठे दिसतं, असं विचारलं. सगळ्यांत वाईट ठरलं ते 'मुक्त'. माणसाला सांगावं, बाबा रे, तू आता मोकळा. की तो आधी आजूबाजूला कोण बघतंय ते बघतो. नाव बदललं की माणसांची अंगं बदलत होती, आणि प्रत्येक वेळी आणखी आखडत होती.

कंपनी हर्षची. तो मनस्विनीच्याच वयाचा, मनाने वाईट नव्हता, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडता येत नसे.

"सोमवारी गेम पाठवायचा आहे," तो म्हणाला. "लोक तिसरी ओळ निवडत नाहीत. निवडली तर उभे राहतात. रविवारपर्यंत नाव सापडलं तर ठेवू, मनू. नाहीतर ती ओळ काढून टाकू."

"ओळ?"

"तुला कळतंय मला काय म्हणायचंय ते."

तिला कळत होतं. ओळ काढायची म्हणजे दोन वर्षं काढून टाकायची. उरलेल्या दोन तऱ्हांचा वारा बाजारात पैशाला पासरी होता.

गेमचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या रक्षिताने निघताना तिच्या लॅपटॉपवर गेमची एक प्रत घालून दिली. नाव ठरलं नव्हतं म्हणून तिने तिसऱ्या ओळीच्या जागी नुसता एक रिकामा चौकोन ठेवला होता. त्यात जे लिहू ते खेळताना पडद्याच्या कोपऱ्यात दिसे. "घरी एकेक घालून बघ," ती म्हणाली. "एखादं चिकटेल."

रविवारी सकाळी मनस्विनीने बसवनगुडीतल्या घरात लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि वर कॅमेरा बसवला. नवरा, विराट, कामासाठी महिनाभर हुबळीला होता. घरात ती आणि सासू-सासरे. चौकोनात तिने 'वारा' लिहिलं होतं आणि आता त्याकडे बघत दात घासत होती. तेवढ्यात न्हाणीघराचं दार उघडलं आणि सासूबाई, गोदूबाई, मडीत बाहेर आल्या.

मडी म्हणजे सोवळं. पूजा होईपर्यंत कुणाला शिवायचं नाही, कशाचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. गोदूबाई हॉलमधून देवघराकडे निघाल्या त्या नेहमीच्या पद्धतीने: कोपरं बरगड्यांशी, नेसूचा काठ बोटभर उचललेला, खांदा आधी वळवून मग पाऊल. सोफा, टीपॉय, सुनेची चप्पल, पडदा, सगळं चुकवत त्या गेल्या. आणि टीव्हीच्या पडद्यावर बाजारातून एक सुताइतका बारीक वारा गेला. दोरीवरच्या सदऱ्याच्या आणि चादरीच्या मधून गेला, आणि दोहोंतलं काही हललं नाही.

मनस्विनी ब्रश तोंडात तसाच धरून बघत राहिली. असा वारा कुणी काढला नव्हता.

"अम्मा, परत एकदा चालाल का?"

"मडीत आहे मी. लांब हो स्वल्प."

"शिवत नाही. नुसतं चाला."

"चालायला काय, जन्मभर तेच केलं," असं म्हणत गोदूबाई देवघरात गेल्या आणि दार लोटून घेतलं.

दुपारची जेवणं झाली. सासरे, भीमाचार्य, मठातल्या प्रवचनाला गेले. नाव भारदस्त असलं तरी माणूस शिडशिडीत होता. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांचं जगाशी बोलणं बरंचसं वर्तमानपत्राआडून चाले. ते गेल्यावर गोदूबाई पदराला हात पुसत टीव्हीपुढे येऊन उभ्या राहिल्या.

"सकाळी काय बघत होतीस माझ्याकडे? दाखव."

मनस्विनीने दाखवलं. नाव सापडलं नाही तर उद्या काय होईल, तेही सांगितलं. गोदूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चौकोनाकडे बोट केलं. "हे काय मागतंय?"

"नाव. या खेळण्याच्या तऱ्हेचं. तेच तर मिळत नाहीये. सध्या तुमचंच घाला."

गोदूबाईंनी चौकोनात लिहायला जोडलेला मनस्विनीचा फोन हातात घेतला आणि कानडी अक्षरांत 'गोदूबाई' लिहिलं. घरात बोलणं मराठी, लिहिणं कानडी, हे त्यांचं लहानपणापासूनचं. मग त्या खेळल्या. म्हणजे पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन उभ्या राहिल्या, आणि हात फार तर ताट वाढण्याइतका पुढे केला. बाजारातून तोच सुतासारखा वारा फिरला. शेवरीची म्हातारी एका दुकानाच्या फळीवर पडली होती, ती तिथेच पडून राहिली.

"माझ्याच्यानं नाही होत हे," त्या म्हणाल्या. "वारा म्हणे. घरात पंखा मोठा केला तर मला चालत नाही."

मनस्विनी हसली, पण तिची उमेद खचली. तिने आणखी नावं घालून पाहिली, स्वतः उभी राहिली, वाकली, गिरक्या घेतल्या. ज्याने खेळ बनवला त्याला खेळता येण्यात काय विशेष? चार वाजता कॉफीची पूड संपल्याचं लक्षात आलं आणि ती गांधी बझारला जायला उठली.

"चालू राहू द्या, बंद करू नका," ती म्हणाली. "वाटलं तर खेळा. बिघडत नाही काही."

दळून ताजी पूड घ्यायला वेळ लागला. दुकानासमोरच्या फुलांच्या ढिगापाशी उभं राहून ती उद्याचा दिवस मनात घोळवत होती. हर्ष ओरडणार नाही. तो म्हणेल, पुढच्या गेममध्ये बघू. आणि पुढच्या गेममध्ये कुणी बघणार नाही, हे दोघांनाही ठाऊक असेल. तिला रडू आलं असतं, पण हातात गरम पुडी होती आणि गांधी बझारात रडायला जागा नाही.

ती घराच्या पायऱ्या चढली तेव्हा आतून धाप टाकल्याचा आवाज येत होता. गोदूबाई पडल्या असं वाटून तिने दार ढकललं.

सोफा भिंतीला लावला होता. टीपॉय उभा करून कोपऱ्यात ठेवला होता. गोदूबाईंनी निऱ्या वर खोचल्या होत्या, पदर कमरेला आवळला होता, आणि त्या टीव्हीपासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून टीव्हीपर्यंत हात पसरून धावत होत्या. धावणं फार जोरात नव्हतं, गुडघे चौसष्टीचे होते. पण वळताना त्या सगळं अंग एका बाजूला टाकत, पोरी टाकतात तसं, पडू की नाही याचा विचार न करता. पडद्यावर ताडपत्री फाटकन वर गेली. दोरीवरचे कपडे आडवे झाले. एक टोपी रस्ता ओलांडून गेली आणि म्हातारी त्या सगळ्यांच्या वर, उंच, गिरक्या घेत चालली होती.

कोपऱ्यात कानडी अक्षरांत लिहिलं होतं, 'कस्तुरी'.

मनस्विनी दारातच उभी राहिली. म्हातारी कुठल्याशा गच्चीवरच्या कुंडीत उतरली, तेव्हा गोदूबाई थांबल्या आणि त्यांना सून दिसली. हात चटकन खाली आले.

"कुणी आलं होतं का, अम्मा? कस्तुरी कोण?"

"कुणी नाही आलं."

"मग?"

गोदूबाई भिंतीकडच्या सोफ्यावर बसल्या. श्वास जाग्यावर यायला थोडा वेळ गेला.

"माझंच," त्या म्हणाल्या. "माहेरचं. आनेकलला मला सगळे कस्तुरी म्हणायचे. तुझ्या खेळाने नाव विचारलं. आधीचं लिहिलं तेव्हा काही झालं नाही, म्हटलं हे घालून बघू."

"मला माहीतच नव्हतं."

"कसं असेल? म्हणणारी माणसं गेली सगळी. इथे लग्नात नाव बदललं ना. यांची आजी गोदावरी, ती त्याच वर्षी वारली होती. नाव रिकामं होतं, ते मला घातलं. आणि आजीचं नाव म्हणून कुणी नुसतं गोदू म्हणेना. एकोणिसाव्या वर्षी मी एकदम बाई झाले, तीही वारलेली."

हे त्या हसत म्हणाल्या. तक्रार अशी नव्हतीच. मनस्विनीला हसता आलं नाही. तिला स्वतःच्या लग्नातलं तांदळाचं ताट आठवलं. भटजी विचारत होते, सुनेचं नाव काय ठेवायचं. विराटने अंगठी हातात घेतली होती, तांदळात अक्षरं काढायला. तेव्हा गोदूबाई गर्दीतून आल्या, अक्षतांना तांदूळ कमी पडतायत म्हणाल्या आणि ताट उचलून घेऊन गेल्या. परत आणलंच नाही. त्या गडबडीत नाव बदलायचं राहून गेलं, असं घरात सगळे म्हणत. मनस्विनीही आजवर तसंच समजत होती.

ती कॉफीच्या पुडीसकट सासूबाईंच्या शेजारी बसली. तिने त्यांच्या कमरेचा पदर सोडवायला हात पुढे केला.

"राहू दे तो," गोदूबाई म्हणाल्या. "बरं वाटतंय."

फाटक वाजलं. भीमाचार्य प्रवचनाहून परतले होते आणि त्यांच्याबरोबर हेल्मेट हातात घेतलेला हर्ष होता. दोघांची गाठ रस्त्यातच पडली होती.

"तू फोन उचलत नव्हतीस," हर्ष मनस्विनीला म्हणाला. तो बूट काढत होता आणि वर बघत नव्हता. "मला हे फोनवर सांगायचंही नव्हतं. मी रक्षिताशी बोललो. उगाच उद्यापर्यंत कशाला ताणायचं."

"पाच मिनिटं बस," ती म्हणाली. "मग सांग."

भीमाचार्य मात्र पुढे आले नव्हते. ते छत्री हातात धरून पडद्याच्या कोपऱ्यातली अक्षरं वाचत होते.

"हे कुणी लिहिलं?"

"मी," गोदूबाई म्हणाल्या.

त्यांनी छत्री भिंतीला टेकवली. ती घसरून पडली. त्यांनी ती उचलून पुन्हा टेकवली.

"तांदळात लिहिताना माझा हात अडला होता," ते म्हणाले. "सगळे हसले. नवऱ्यामुलाला लिहिता येत नाही म्हणाले."

"आठवतं मला."

"मला वाटलं होतं, तुला विचारावं."

"मग?"

"विचारायची पद्धत नव्हती."

हर्षने मनस्विनीकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"बरं," गोदूबाई उठत म्हणाल्या. "आता या इकडे. तुम्ही खेळा. मनूचं काम अडलंय."

"मी? मला काय येतं?"

"मलाही येत नव्हतं. तिथे नाव घालायचं आणि उभं राहायचं."

मनस्विनीने चौकोन पुसून रिकामा केला आणि फोन सासऱ्यांच्या हातात दिला. भीमाचार्यांनी चष्मा वर सरकवून चौकोनाकडे बराच वेळ पाहिलं.

"माझं एकच आहे," ते म्हणाले, आणि त्यांना याचं खरोखरच वाईट वाटलेलं दिसलं. "आणि ते ऐकलं की मी बसतो. सगळेच म्हणतात, आचार्य, बसा."

"आणा तो फोन."

गोदूबाईंनी फोन घेतला, सगळ्यांकडे पाठ केली आणि काहीतरी लिहिलं. कोपऱ्यात दोनच अक्षरं उमटली. भीमाचार्यांनी ती वाचली आणि त्यांचे कान तांबडे झाले.

"हे कोण?"

"तुम्ही."

"मला असं कुणी कधी म्हटलेलं नाही."

"म्हटलं नाही," गोदूबाई म्हणाल्या. "मनात होतं."

त्या घरात बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती. इतकी वर्षं 'अहो'वर आणि 'हे'वर सगळं भागलं होतं. पोरंबाळं, आजारपणं, बँकेच्या बदल्या, सगळं. त्या 'अहो'च्या मागे काही असेल, असं मनस्विनीला कधी वाटलं नव्हतं, आणि भीमाचार्यांच्या चेहऱ्यावरून त्यांनाही वाटलं नसावं.

त्यांनी चष्मा काढून सुनेकडे दिला. पंचा वर दुमडला. आधी एक खांदा हलवून पाहिला, मग दुसरा. मग अचानक गुडघ्यांत वाकून ते डोकं खाली घालून पुढे घुसले, खोडकर वासरू दावं तोडून घुसावं तसे, आणि बाजारातल्या गाड्यांवरच्या कोथिंबिरीच्या जुड्या चौफेर उधळल्या. म्हातारी रस्त्याकडेच्या झाडांवरून पार झाली. भीमाचार्य थांबले नाहीत. ते वळले, दोन्ही हात गरागरा फिरवले, आणि चहावाल्याची ताडपत्री दुसऱ्यांदा उडाली.

"यांना काय करायला सांगितलंस?" हर्षने हळूच विचारलं.

"काही नाही."

"नाव काय आहे या तऱ्हेचं?"

"ते आपण ठेवायचंच नाही, हर्ष. आपण ठेवलं की लोक आपल्यासारखे हलायला बघतात. चौकोन रिकामा सोड. खेळणारा ठेवील."

भीमाचार्यांची एक संपूर्ण फेरी हर्षने पाहिली, मग दुसरी. सांगायला म्हणून जे मनाशी ठरवून आला होता ते त्याच्या तोंडावरून उतरताना मनस्विनीला दिसलं. मग त्याने फोन काढला.

"रक्षिता, तो तिसऱ्या ओळीतला चौकोन काढू नकोस. हो, रिकामाच. सगळ्या भाषांत रिकामाच. नाही, आपण काही लिहायचं नाही." थोडं थांबून तो म्हणाला, "आणि सकाळी पवनकुमारला लवकर बोलाव. त्याला एकट्याला खोलीत सोडू."

मनस्विनी सोफ्याच्या हातावर बसली. दोन वर्षं तिला परत मिळाली होती. आनंद इतका झाला होता, की तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. हातातला सासऱ्यांचा चष्मा तिने उगाच ओढणीने पुसायला घेतला.

गोदूबाई केव्हाच कॉफीची पुडी घेऊन स्वयंपाकघरात गेल्या होत्या. फिल्टर कॉफीचा वास हॉलमध्ये आला, तरी भीमाचार्यांचं वारं काही थांबेना. मग आतून हाक आली. ती 'अहो' नव्हती. दोनच अक्षरं होती, स्पष्ट, जरा मोठ्याने, आणि त्यांच्यामागे, "कॉफी निवतेय."

हर्षने घरात आणखी कोण आहे म्हणून वळून पाहिलं.

"आलो," भीमाचार्य म्हणाले.